पंख्यावरची सही

विसेन्ता रोज सकाळी दुकान उघडायची, खिडकीत बसायची आणि नुसत्या पाण्यात कुंचला बुडवायची. समोर चिमट्यात ताणलेला कापडी हातपंखा, त्यावर संत्र्याची पांढरी फुलं. ती फुलं कुठल्याशा कारखान्यातून छापूनच आलेली. विसेन्ता त्यांच्यावरून ओला कुंचला फिरवायची, मान तिरकी करून न्याहाळायची, पुन्हा फिरवायची. काचेवर पाटी होती, 'हातानं रंगवलेले पंखे'. जहाजातून उतरलेले पाहुणे काचेला नाक लावून फोटो काढायचे आणि आत येऊन चार-चार पंखे घेऊन जायचे. पाणी वाळलं की पुन्हा तेच फूल. अकरा वर्षं एकच फूल रंगवत होती बाई!

आता तिला एकटीलाच कशाला नावं ठेवायची? व्हॅलेन्सियाच्या त्या अख्ख्या गल्लीत हेच चालायचं. पण बाकीच्यांना कुंचला धरताच येत नव्हता. विसेन्ताला येत होता, तेच तर दुखणं. अल्दाया गावात ब्लाय मास्तरांच्या हाताखाली ती सहा वर्षं शिकली होती. एक पंखा रंगवायला दोन दिवस लागतात आणि गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबत नाही, अशी ती मनाची समजूत घालायची. समजूत पटायचीही, दुपारपर्यंत.

त्या मंगळवारी विसेन्ता खिडकीत कुंचला फिरवत होती आणि दुकानात सात-आठ पाहुणे होते. दारातून आवाज आला, "आहे का गं आमची विसेन्ता?"

ब्लाय मास्तर! कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, एका हातात काठी, दुसरा हात एका तरुण मुलीच्या खांद्यावर. दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलेला.

"मास्तर, तुम्ही? एवढ्या उन्हात?"

"ऊन मला दिसतच नाही, मग त्याला कशाला घाबरू? ही एलिया, माझी नात. शनिवारी लग्न आहे हिचं. म्हणते, आजोबा, नवरीचा पंखा तुमच्या हातचाच पाहिजे. म्हटलं, बये, माझे डोळे गेले, पण माझा हात विसेन्ताकडे शाबूत आहे. गावभर सांगतो मी, एवढ्या जणांना शिकवलं, पण या एकटीनं कुंचला सोडला नाही."

दुकानात शंभर पंखे होते आणि त्यातल्या एकालाही विसेन्ताच्या हातचा रंग लागलेला नव्हता.

"मी नवा करून देते ना, मास्तर. गुरुवारी स्वतः घेऊन येते गावाला." आणि हे ती अगदी मनापासून म्हणाली. दोन दिवस दुकान बंद ठेवायचीही तिची तयारी होती.

"नवा कशाला, मावशी?" एलिया खिडकीशी गेलीसुद्धा. "हा काय सुंदर आहे! आजोबा, आत्ता हाच रंगवत होत्या त्या. फूल अजून ओलं आहे."

"ओलं आहे? आण बघू इकडं."

झालं. आता कोण अडवणार? अल्दायाचे रंगारी रंग धरावा म्हणून त्यात डिंक घालतात आणि तो पुरेसा पडला की नाही ते जिभेवर बघतात. न चाखता रंग लावला म्हणून विसेन्तानं याच हाताच्या कितीतरी टपल्या खाल्ल्या होत्या. मास्तरांनी फुलावर बोट टेकवलं आणि जिभेला लावलं. थांबले. मग दुसऱ्या फुलावर टेकवलं.

म्हाताऱ्याची चव गेलेली असू दे रे देवा, असं विसेन्तानं मनात म्हटलं. ज्यानं हात धरून पहिलं फूल काढायला शिकवलं, त्याची चव गेलेली असू दे म्हणून! लाज नाही का वाटली? वाटली हो. पण मागणं मागून झालं होतं.

"कसा आहे, आजोबा?" एलियानं विचारलं.

"हात हलका आहे," मास्तर म्हणाले. "सही कर, विसेन्ता, आणि दे बांधून."

"सही कशाला, मास्तर? घरच्या घरी..."

"लग्नाचा पंखा आहे. कुणाच्या हातचा, ते पोरीला सांगता यायला नको?"

दुसऱ्याच्या कामावर सही केली म्हणून मास्तरांनी सख्ख्या पुतण्याला कायमचं घराबाहेर काढलं होतं. त्या दिवशी विसेन्ता तिथेच रंग घोटत बसलेली होती. तिला सगळं आठवलं. 'हा माझा नाही, मास्तर,' एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही. पण पाहुणे भोवती गोळा झाले होते, दोघांनी फोन वर धरले होते, आणि एलियाचा चेहरा असा फुललेला.

तिनं खणातून निळ्या रंगाची बाटली काढली. पाहुण्यांची नावं पंख्यावर लिहून द्यायला तेवढी एक ठेवलेली असायची. सवयीनं रंग जिभेवर चाखला आणि उजव्या कोपऱ्यात सही केली, मास्तरांनीच शिकवलेल्या वळणाची. हात जरासुद्धा कापला नाही. नंतर तिला त्याचीच जास्त शरम वाटली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

"झाली?"

"झाली, मास्तर."

मास्तरांचं बोट चाचपडलं नाही. सही कुठे असते ते त्यांना ठाऊक होतं. त्या गुळगुळीत कापडावर रंग अजून धरला नव्हता, तो बोटाला लागला. त्यांनी तो चाखला.

"डिंक बरोबर पडलाय," ते म्हणाले. मग पुढे वाकले आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलले, "म्हणजे रंग आहे तर दुकानात."

विसेन्ताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो आजोबा, रंग खाल्लात की!" एलिया हसत हसत रुमालानं त्यांचे ओठ पुसू लागली. मग पंखा छातीशी धरून दारातून वळली. "मावशी, शनिवारी लग्नाला यायचं हं! आजोबा सगळ्यांना तुमची ओळख करून देणार आहेत. हो ना, आजोबा?"

उंबऱ्यावर काठी टेकवून, विसेन्ताच्या उत्तरासाठी कान देऊन मास्तर उभे राहिले.