नवसाच्या शेळीचं दूध

जनीला ताप येतो, की ती तो आणते? त्या हिवाळ्यात हा प्रश्न मला पडला होता, आणि पडला होता याची लाज अजून वाटते.

गोष्ट १९८८ सालची. मला शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या वाटेवर आमची चाळ. तिच्या व्हरांड्यात संध्याकाळी मी दहावीच्या सहा मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायचो. जनी त्यांतली एक, मोठागावच्या खाडीकाठच्या कोळी घरातली. वडील होडी घेऊन खाडीत जात, आई सगुणा बाजारात मासळी विकायची. त्यांच्या आळीतून दहावीपर्यंत पोचलेली जनी ही पहिलीच मुलगी. सगुणानं मला एकदाच, पण स्पष्ट सांगितलं होतं, "मास्तर, मार्चला परीक्षेला बसली तर बसली. नाय बसली तर दुसऱ्या दिवसापासून टोपली डोक्यावर. मी एकटीनं बाजार किती वर्षं ओढू?"

जनीची आजी गोदूबाई हिनं नातीच्या परीक्षेसाठी देवीला नवस केला होता. घरातली एक शेळी तिनं देवीच्या नावानं सोडली. नियम असा, की त्या शेळीचं दूध जिच्यासाठी नवस तिनंच प्यायचं, इतर कुणी नाही. आणि देवीची वस्तू म्हणून ते विस्तवावर ठेवायचं नाही. दिवाळीच्या सुमारास गोदूबाई हे विचारायला माझ्याकडे आली. आली म्हणजे व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि तंबाखूची डबी उघडली.

"मास्तर, दूध कच्चं दिलं तर पोरीला चालंल ना? तुमी शास्त्र शिकवता, म्हणून विचारते."

"चालेल काय, उत्तमच!" मी म्हणालो. "धारोष्ण दुधासारखं दुसरं काही नाही. उकळलं की त्यातलं सत्त्व जातं."

तोवर गोदूबाईचं आणि माझं एकाही बाबतीत एकमत झालेलं नव्हतं. पोरीनं दहावीपुढं शिकावं की नाही इथपासून वाद. त्या दिवशी पहिल्यांदाच आमचं जमलं आणि दोघांनाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी मुलांनाही सत्त्वावर पाच मिनिटं सांगितलं. माझ्या आईनं मला जे सांगितलं होतं तेच मी पुढे सांगत होतो. पुस्तकात पाहायचं मला सुचलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी जनी संध्याकाळी येईनाशी झाली. आली तरी शाल गुंडाळून बसायची, कंबर धरून उठायची. म्हणायची, "सर, अंग फोडल्यासारखं दुखतं. रात्री घामानं चादर भिजते." सकाळी दवाखान्यात नेलं की अंग थंडगार. डॉक्टरांनी आधी हिवताप म्हणून गोळ्या दिल्या. मग विषमज्वर म्हणून कॅप्सूल दिल्या. ताप उतरला, सगुणानं पेढे वाटले. मलाही दोन मिळाले. अकराव्या दिवशी ताप परत आला. मग कंबर दुखते म्हणून मणक्याच्या क्षयाची शंका निघाली, फोटो काढला, तो स्वच्छ. आता कुणालाच काही कळेना.

आळीतल्या बायका म्हणाल्या, पोरीला बाधा आहे. माझ्या वर्गातला सहदेव म्हणाला, "सर, तिला बाधा गणिताची आहे. चाचणी आली की ताप."

मुलं हसली. मीही हसलो. पण घरी जाऊन वही पाहिली. दोन चाचण्यांना ती खरंच गैरहजर होती.

म्हणून मी तिला माझा थर्मामीटर दिला. वरवर म्हणालो, "जने, आलेखाचा धडा आहेच, तू आपल्याला आकडे दे. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला ताप मोजायचा आणि लिहून आणायचा." मनात वेगळंच होतं. खोटे आकडे फार दिवस लिहिता येत नाहीत. कुठेतरी सूत चुकतं आणि मुलगी सापडते. चाळीस वर्षं मी मुलांची खोटी पत्रं आणि खोट्या सह्या पकडल्या होत्या.

भिंतीवर आलेख कागद चिकटवले. आडवे दिवस, उभा ताप. रोज एकेक मूल येऊन ठिपके द्यायचं आणि रेघ जोडायचं. चाचणीच्या दिवशी मी लाल खूण करायचो.

पाच आठवड्यांत कागदाला कागद जोडत ती रेघ खिडकीपर्यंत पोचली. मी तिच्यासमोर उभा राहिलो की गोंधळून जायचो. सकाळी ९८, संध्याकाळी १००. मग रोज थोडा थोडा चढत १०३. मग तसाच पायरीपायरीनं उतरत खाली. आठ-दहा दिवस सपाट. पुन्हा चढ. लाल खुणा कधी चढावर पडल्या होत्या, कधी सपाटीवर. एका चाचणीला तर ती १०२ ताप असताना येऊन बसली होती आणि पन्नासपैकी एकेचाळीस गुण मिळवून गेली होती. हे माझ्या वहीत होतं, आणि मी ते पाहिलंच नव्हतं.

खोटं लिहिणारी मुलगी असं लिहील? तिला अशी रेघ सुचेल तरी कशी? आणि खोटं नसेल तर हे आहे काय?

"सर, ही भरती-ओहोटी आहे," जनी एकदा म्हणाली. "आमच्या खाडीसारखी. फक्त दिवसाची नाय, पंधरवड्याची."

जानेवारीत मी सगुणाला राजी केलं आणि जनीला ठाण्याला डॉक्टर शीला कर्णिक यांच्याकडे नेलं. त्या माझ्या जुन्या मुख्याध्यापकांच्या कन्या. मी आलेखाची गुंडाळी बरोबर घेतली होती. दाखवू की नको असं होत होतं. त्यांनी जनीला तपासलं, पोट दाबून पाहिलं, "प्लीहा वाढली आहे," म्हणाल्या. मग गुंडाळीकडे बोट केलं. "ते काय?"

मी टेबलावर कागद पसरला. टेबल पुरेना. एक टोक सगुणानं धरलं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्या ठिपक्यापासून शेवटपर्यंत रेघेवरून बोट नेलं.

"हे कुणी काढलं?"

"आमच्या वर्गानं," मी म्हणालो.

"आत्तापर्यंत प्रत्येकानं हिचा एकेक दिवस पाहिला. तुम्ही पाच आठवडे पाहिलेत." त्या जनीकडे वळल्या. "घरी जनावर आहे?"

"शेळी आहे."

"हल्ली गाभडली होती का?"

जनीनं आईकडे पाहिलं. "दिवाळीच्या आधी. घरात कोणी नव्हतं. मेलेलं करडू मीच हातानं ओढून काढलं. आजीला सांगितलं, पण कोणाला बोलू नको बोलली. नवसाची शेळी ना, लोक अपशकुन धरतील."

"आणि तिचं दूध?"

"मीच पिते. कच्चं. नवस आहे." मग तिनं सरळ माझ्याकडे बोट केलं. "आणि सर पण बोलले चालेल."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं विचारलेल्याचं उत्तर दिलं होतं, वर्गात देते तसं.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. ब्रुसेला नावाचा जंतू असतो, जंतूंमध्येही अगदी बारीक. आजारी जनावराच्या कच्च्या दुधातून, गाभडल्यावर पडणाऱ्या वारेतून माणसात येतो आणि ताप असा लाटांनी चढतो-उतरतो. प्रयोगशाळेत जंतू ओळखायला एक रंग देतात. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. हे धरत नाहीत, गुलाबी दिसतात. डांग्या खोकल्याचा जंतूही असाच बारीक आणि गुलाबी, पण तो घसा धरतो. "हा मात्र सगळीकडे जातो. हाडात, कंबरेत. म्हणून सगळे फसतात. मीही चुकत असेन. रक्त घेते, गोळ्या आजच सुरू करते. सहा आठवडे, एक दिवसही चुकवायचा नाही. आणि ते दूध बंद."

येताना सगुणानं एकच विचारलं, "मास्तर, आता परीक्षेचं?"

रक्ताची बाटली कल्याणच्या एका प्रयोगशाळेत गेली. तिथे माझा जुना विद्यार्थी चांगदेव कामाला होता. तो म्हणाला, "सर, सात दिवसांत काही उगवलं नाही तर आम्ही बाटली टाकून देतो. हिच्यावर मॅडमनी लिहिलंय, चार आठवडे हात लावू नका. जंतूंची एवढी आळशी जात मी पाहिली नाही."

इकडे घरी वेगळंच चाललं होतं. गोळ्यांनी जनीला मळमळायचं. पाच-सहा दिवसांत ताप उतरला. पण उतरला तो गोळ्यांनी, की त्याची उतरायची वेळच होती? आलेख पाहून मलाच सांगता येईना. गोदूबाईला मात्र शंका नव्हती. "ताप देवीनं नेला. गोल्या बंद करा, दूध चालू ठेवा."

आणि जनी दूध पीत होती. हे मला सहदेवनं सांगितलं. मी तिला बाजूला घेऊन विचारलं.

"सर, नवस मोडला आणि नापास झाले तर?" तिचे डोळे भरले होते. "बाजारात बसायला लागेल ना मला. तुम्हाला नाय बसायला लागणार."

मी तिला सांगायला हवं होतं की नवसानं कुणी पास होत नाही. ते तोंडात आलं, पण बाहेर पडेना. कारण लगेच ती विचारणार, की मग सत्त्वाचं काय? तीन महिन्यांपूर्वी मी तितक्याच खात्रीनं बोललो होतो.

त्या संध्याकाळी मी गोदूबाईकडे गेलो. ती अंगणात बसून जाळं सांधत होती. पलीकडे ती शेळी, काळी, कपाळावर कुंकू, बाभळीचा पाला खात उभी.

"बाई, दूध बंद करा. निदान उकळून द्या."

"मास्तर," तिनं सुई थांबवली, "दिवालीला तुमी बोलला कच्चं चांगलं. आता बोलता उकला. कनचा खरा? तवा तुमी खोटं बोलत होता, का आता?"

"तेव्हा चुकलो होतो."

"मग आता पन चुकत असाल."

मी घरी परतलो.

अठराव्या दिवशी चांगदेवचा निरोप आला, बाटली गढूळ झाली आहे, म्हणजे आत जंतू उगवले आहेत. मला एकदम सुचलं ते इतकंच, की गोदूबाईला बरोबर न्यावं. ती येईल असं वाटलं नव्हतं. पण ती नवं लुगडं नेसून आली. "बघूं दे तुमचा भूत," म्हणाली.

चांगदेवनं बाटलीजवळ कुणाला जाऊ दिलं नाही. रंग देऊन पक्की केलेली काच त्यानं सूक्ष्मदर्शकाखाली लावली. आधी मी पाहिलं. उजेडाच्या गोल तुकड्यात गुलाबी बारीक कणांचे पुंजके. वाळू सांडावी तसे. यानं एवढी मोठी मुलगी वाकवली होती?

गोदूबाईनं एक डोळा हातानं झाकला आणि वाकली. कितीतरी वेळ वाकून होती. चांगदेव मला खुणेनं म्हणाला, कंटाळेल म्हातारी. ती कंटाळली नाही.

"जवला," ती म्हणाली, म्हणजे जवळा, इवलीशी कोळंबी. "बारीक जवला हाय यो. जाल्यातून पन निसटंल असा."

"तसंच समजा, आजी," चांगदेव म्हणाला. "आणि तुमच्या नातीच्या रक्तात पोहत होता."

ती सरळ उभी राहिली. पदरानं डोळा पुसला. "जवला मी जल्मभर वालवला, भाजला, रांधला. कच्चा कोन खातं? कुत्रा पन नाय खात." मग म्हणाली, "आनि मी पोरीला रोज फुलपात्र भरून पाजला."

परत येताना मोठागावच्या वळणावर ती थांबली. "देवीला मी नारल देईन. बोलेन, माजी चूक झाली, नवस मी दुसरा काही देऊन फेडते. ती ऐकंल, बाई हाय ती. पन तुमी, मास्तर? तुमी कोनाला नारल देनार? पोरगी सोंग करते असं तुमाला वाटलं होतं. तिला ठाऊक हाय."

"तिला कसं ठाऊक?"

"थर्मामीटर दिला तवाच तिला कललं. घरी येऊन रडली. मग बोलली, रोज बरोबर लिवीन, म्हंजी सरांना कलंल."

त्या दिवसापासून दूध बंद झालं. शेळीचं काय करावं हे कुणालाच कळेना. देवीची, म्हणून विकता येईना. विकली तरी दुसऱ्याच्या घरात ताप जाणार. कापायचीही सोय नव्हती. शेवटी जनावरांच्या दवाखान्यातली माणसं तिचं रक्त तपासायला घेऊन गेली आणि आठवड्यानं शेळीलाही घेऊन गेली. गोदूबाई तिचं दावं कितीतरी दिवस खुंटीला बांधून ठेवत होती.

कल्याणहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी वर्गात खुर्चीवर बसलो नाही. भिंतीवरच्या आलेखाजवळ उभा राहिलो. सहाही मुलं समोर होती.

"हा आलेख मी जनीला खोटं ठरवायला सुरू केला होता," मी म्हणालो. "आणि कच्च्या दुधाबद्दल तुम्हाला जे सांगितलं ते न तपासता सांगितलं होतं. दोन्हींत मी चुकलो. जनी, मला माफ कर."

सहदेव मान खाली घालून बसला होता. मला वाटलं जनी काही बोलेल. ती उठली, खिशातल्या चिठ्ठीवर पाहिलं आणि त्या दिवसाचे दोन ठिपके दिले. सकाळ ९८, संध्याकाळ ९८.

"सर, धडा कुठवर आलेला?" तिनं विचारलं.

परीक्षा मार्चच्या मध्यावर होती. गोळ्या संपून चार दिवस झाले होते. कंबर अजून दुखत होती, म्हणून केंद्रावर तिनं बाकाला पाठ टेकायला घडी केलेली चादर नेली. दाराशी सगुणा टोपली रिकामी घेऊनच आली होती. बाजार अर्धा सोडून. बरोबर गोदूबाई, हातात पितळी फुलपात्र.

मी पुढे झालो. "बाई, हे काय?"

"घाबरू नका, मास्तर," ती म्हणाली. "पानी हाय. तीनदा उकललंय."