मधला शब्द

“माय गेल्यावर बी अर्जच लिहीत बसशीन का?” गोवर्धननं कचेरीच्या ओट्यावरूनच विचारलं. अचलपूरच्या वाटेवरच्या मळ्यातून तो पहाटेच बैलगाडी जुंपून निघाला होता, धाकट्या भावाला न्यायला. आईनं कालपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

“बस दादा, आता रजा मंजूर होते,” देवीदास म्हणाला.

नागपूरहून बदलून आलेला गोरा साहेब इंग्रजीच्या बाबतीत भारी कडक. ‘टू’ आणि त्याचं क्रियापद यांच्यामध्ये कुणी भलताच शब्द घुसवला, की साहेब लाल रेघ मारून कागद परत करायचा. कारण सांगायचा नाही. तोंडी विनंती तर त्याच्यापुढे चालतच नसे. इतर कारकुनांची ही चूक देवीदास चुटकीसरशी पकडायचा आणि मिशीतल्या मिशीत हसायचा. भाजीपाला पिकवणाऱ्याच्या पोरानं कष्टानं कमावलेली ऐट होती ती.

आज घाईत रजेच्या अर्जात त्यानंच लिहिलं, ‘टू काइंडली ग्रँट’; ‘कृपया’चं ‘काइंडली’ नेमकं मधे घुसलं. मागण्याआधी हात जोडावेत, हे आईनंच शिकवलेलं.

अर्ज लाल रेघ घेऊन परत आला. देवीदासनं शरमेनं दुसरा लिहिला, तोवर साहेब जेवायला बंगल्यावर निघून गेला होता.

“साहेबाले तोंडानं सांग ना. त्याले माय नाई का?”

“तसं चालत नाई, दादा. नोकरी जाईन.”

ओट्यावरची सावली सरकत भिंतीला लागली. बैल उगीच दावं ओढू लागले. गोवर्धन सारखा रस्त्याकडे बघत होता, आणि देवीदासला तिकडे बघायचीच भीती वाटू लागली.

अखेर सही झाली. शिपाई नत्थुजी अर्ज घेऊन बाहेर आला, तेव्हाच शेजारच्या मळ्यातला सूर्यभान फाटकाशी सायकलवरून उतरला. त्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला.

गोवर्धन बैलांकडे वळला.

नत्थुजीनं अर्ज हातातच ठेवला. “बाबू, साहेबानं बिमार मायसाठी रजा देली. आता कारण बदललं. दुसरा अर्ज लागन.”

देवीदास आपल्या जागेवर जाऊन बसला. बाहेर गोवर्धन गाडी जुंपत होता. या वेळी त्यानं भावाला चल म्हटलं नाही. चाकं फाटकाबाहेर गेली, तरी देवीदासनं मान वर केली नाही. सुवाच्य अक्षरात, एकही चूक न करता, त्यानं आई गेल्याचं साहेबाला कळवलं.