पाल्याची पाटी

गोफणीतला दगड हंसाबाईच्या पायापासून वीतभर अंतरावर पडला, तेव्हा तिच्या स्वतःच्या हातातही एक दगड होता आणि नजर कैरीवर होती. पाठोपाठ झाडांच्या मधल्या मचाणावरून आवाज आला, "कोन हाय रं? हात तोडून ठेवीन."

"तोड गो," हंसाबाई खालून म्हणाली. "दोन्ही तोड. बोंबील आनलेत ते तोंडात धरून घरी नेते परत."

मचाणावरचं गवताचं छप्पर हललं आणि नवसीचं डोकं बाहेर आलं.

"हंसाबाय? तू हाय?"

"नाय. माझा भूत हाय. तुझा दगड लागून आत्ताच झालाय."

नवसी शिडीवरून खाली उतरू लागली. पन्नाशीची, काटकुळी, कपाळावर गोंदण असलेली बाई. ती उतरेपर्यंत हंसाबाईने आपली पाटी झाडाच्या मुळाशी ठेवली आणि कमरेवर हात घेतले. हा हात कमरेवर घ्यायचा समारंभ ती मुरब्याहून निघाल्यापासून मनात घोकत आली होती. बोईसरला एसटीच्या कंडक्टरने सुक्या मासळीची पाटी टपावर चढवायला लावली, तेव्हा थोडा राग तिथे खर्च झाला. पण बराचसा तिने सावरपाड्यापर्यंत जपून आणला होता.

राग साधा होता. दर उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, मुरब्याच्या कोळणीची पाटी सावरपाड्यावर येते. बांबूच्या वलांडीवर कडक वाळवलेले बोंबील, जवळा, थोड्या वाकट्या. वर डोंगरात आषाढभर तोंडी लावायला दुसरं काही नसतं. आणि तीच पाटी कैऱ्यांनी भरून खाली समुद्राकडे जाते. त्या कैऱ्या चिरून, मीठ लावून, उन्हात घातल्या की त्यांची आंबोशी होते, आणि पावसाळाभर कोळवाड्यातल्या कालवणाला आंबटपणा मिळतो. तराजू नाही, माप नाही. पाटीला पाटी. हंसाबाईची सासू आणि नवसीची आई यांनी हे सुरू केलं, तेव्हा बोईसरला कारखान्याची एकही चिमणी नव्हती.

पाटी रिकामी जायची ती एकाच कारणाने. दोघींतली एक मेली, की घरची माणसं दुसरीची पाटी तशीच रिती पोचवत. निरोप द्यायला तोंड उघडावं लागत नसे. नवसीची आई गेली त्या वर्षी पाटी रिकामी आली, तर हंसाबाईच्या सासूने ती ओट्यावर उपडी घातली, आडावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि मगच रडायला बसली.

तर या वर्षी वैशाख अर्धा सरला आणि पाटी जिथे हातोहात बदलायची त्या मनोरच्या बाजारात नवसी दिसली नाही. पुढच्या बाजाराला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. मेली म्हणावं तर पाटी रिती करून द्यायला घरचं कोणी आलं नाही. जिवंत आहे म्हणावं तर कैऱ्या कुठे आहेत? हंसाबाईने हिशेब लावला: नवसी बोईसरच्या वसाहतीतल्या बायकांना कैऱ्या विकते आहे. त्या बायका प्लास्टिकची पिशवी घेऊन येतात, एक कैरी दाबून बघतात आणि सहा कैऱ्यांवर दाबल्याच्या खुणा ठेवून जातात. अशांसाठी दोन पिढ्यांची पाटी सोडली.

"किती दिलं गो त्यांनी?" हंसाबाईने सुरुवात केली. "मला सांगितलं असतंस तर मी बी पिशवी घेऊन आले असते. दाबून दाबून बघितलं असतं."

"कोनी?" नवसी म्हणाली.

"ज्यांना कैऱ्या इकतेस त्यांनी."

"मी नाय इकत." नवसीने गोफण कमरेला खोचली. "झाडं इकलीत. जिवल्यानं. मोव्हर होता तवाच."

हंसाबाईने वर पाहिलं. सात रायवळ झाडं, सातही नवसीच्या आईच्या हातची. फांद्या कैऱ्यांनी वाकल्या होत्या.

जिवल्या हा नवसीचा मुलगा, आता बोईसरला राहणारा. त्याला कारखान्यात हेल्पर म्हणून लावून घेणाऱ्या ठेकेदाराला आंब्याच्या झाडांत रस नव्हता, रोख पैशांत होता. बोईसरच्या शेठला रोख पैसे देण्यात अडचण नव्हती, त्याला झाडांवरचं या सालचं फळ हवं होतं. जिवल्याला नोकरी हवी होती. तिघांचं एका संध्याकाळी जमून गेलं. झाडाखाली राहणाऱ्या बाईला काय हवंय, हे विचारायचं तेवढं राहिलं. कैऱ्या टेम्पोने मुंबईला एका कारखान्यात जायच्या होत्या. तिथे त्यांचं लोणचं होणार होतं आणि बाटलीवर 'घरगुती' असं लिहिलं जाणार होतं.

"मग तू वर काय करतेस?"

"राखन."

"कोनाची?"

"झाडांची. शेठनं ठेवलीय मला. जिवल्या म्हनला, आये, घरबसल्या नोकरी हाय."

"राखन कोनापासून?"

नवसीने बोटं मोडत आठवून सांगितलं. "पोपट. वांदरं. पोरं. आन् शेठचा मुकादम म्हनला, घरची मान्सं."

"घरची मान्सं म्हंजे कोन? तुझ्या घरात तू एकटीच तं ऱ्हातेस."

"त्येच तं."

हंसाबाईने पायाजवळ पडलेली एक कैरी उचलली. वाऱ्याने पडलेली, एका अंगाला फुटलेली.

"ती ठेव," नवसी घाईने म्हणाली. "पडलेल्या बी मोजून ठेवायच्या हायेत. गोणीत."

"वारा बी त्यानंच इकत घेतलाय?"

"ठेव गो बाय. मुकादम चिडतो."

"या साली एक तरी खाल्लीस?"

नवसी जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाली, "चिंच आनते. दुकानातून."

सात आंब्यांच्या सावलीत बसून दुकानातल्या चिंचेवर आमटी करणारी बाई हंसाबाईने जन्मात पाहिली नव्हती. कोळवाड्यात कोणी बोंबील विकत आणले असते, तर गावाने त्याला तपासायला डॉक्टरकडे नेलं असतं. तिचा सगळा राग, जो ती नवसीसाठी घेऊन आली होती, तो जागा शोधत फिरू लागला. जिवल्या कामावर होता. शेठ बोईसरला होता. रागाला हाताशी असं कोणी नव्हतं. तेव्हा हंसाबाईने रागावलेली माणसं करतात ते केलं. पाटी उचलली, नवसीच्या झोपडीत शिरली आणि सगळी मासळी जमिनीवरच्या सुपात, टोपलीत, जागा मिळेल तिथे ओतून टाकली.

"खा आता," ती म्हणाली. "शेठला मोजू दे हे."

नवसी दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला.

"ह्ये काय केलंस तू?"

"काय केलं?"

"पाटी रिती केलीस. इचारलं नाय, काय नाय. मी बाजारात येत नव्हती ती कशापायी? माझ्याकं भरायला काय नाय म्हनून. पाटी मासळीनं भरलेली असती तं परत तरी नेली असतीस, म्हनली असतीस, नवसी घरी नव्हती. आता?" तिचा आवाज चढला. "आता रिती पाटी घेऊन मुरब्याला जाशील. तुझी सून बघल. शेजारीन बघल. नवसी मेली म्हनून डोक्यावरनं पानी घेतील सगळी. मी हितं पोपट हाकत बसलीय आन् तिकडं माझं सुतक."

हंसाबाई हातातल्या रिकाम्या पाटीकडे बघत राहिली. जन्मात तिने ही पाटी कितीदा उतरवली असेल. पण भरायचं काय हे न बघता ती कधी ओतली नव्हती.

"मासळी परत भरते," ती म्हणाली.

"दिलेली परत नेतेस? ती तं आनखी वंगाळ."

"मग दगड भर. सरपन भर."

"दगड? माझ्या आयेच्या झाडाखालनं दगड नेशील?" नवसीने डोळे पुसले नाहीत, कारण ते ओले झाले नव्हते. ती नुसती चिडली होती, आणि चिडलेली नवसी जास्त सरळ उभी राहायची. ती बाहेर गेली. जवळच्या झाडाची खालची फांदी तिने ओढली आणि पानं तोडू लागली.

"काय करतेस?"

"शेठनं फळ घेतलंय. पाला नाय घेतला. जिवल्यानं अंगठा दिला तवा मी हितंच हुती. पाल्याचं कोनी नाव काडलं नाय."

मग दोघी तोडायला लागल्या. किडकं नाही, फाटकं नाही. नवसी एकेक पान लुगड्याला पुसून हंसाबाईच्या हातात देत होती आणि हंसाबाई देठ एका अंगाला करून विड्याच्या पानांसारखी चळत लावत होती. पाटी भरायला कैऱ्यांपेक्षा बराच जास्त वेळ लागला. मधे एकदा पोपट आले, तर नवसीने त्यांना हाकललं नाही. काठावर शीग येईपर्यंत पानं रचून झाली, तेव्हा हंसाबाईने आपलं फडकं वर अंथरलं आणि कडेने खोचलं.

ती बांधापर्यंत पोचली नव्हती, तोच मुकादमाची सायकल समोरून आली. मुकादमाचं नाव भगवंत. डोक्यावर टोपी, काखेत छत्री, आणि शेठची झाडं सांभाळायला लागल्यापासून चेहऱ्यावर शेठचा थोडा अंश.

"ओ बाई. पाटी खाली."

"का?"

"चेकिंग. माल बाहेर जातोय ना." त्याने मचाणाच्या दिशेने आवाज दिला, "नवसे, राखणीला ठेवलंय का वाटायला? काय निघालं तर आजच खाली उतरायचं. दुसरी बाई बघतो."

हंसाबाईने पाटी उतरवली. भगवंताने फडकं बाजूला केलं, वरची पानं चाचपली आणि थोडा गोंधळला.

"पाला हाय," हंसाबाई म्हणाली.

"दिसतंय. जावा."

"नाय. नीट बगा. वर पाला असतो, खाली कैऱ्या असतात. चोर असंच करतात."

"बघितलं म्हटलं ना."

"तळ नाय बगितला. उद्या शेठनं इचारलं तं तुमी काय सांगाल? वरवर बगितलं? नोकरी जायल तुमची. दुसरा मुकादम बगतील."

भगवंत उकिडवा बसला आणि पानं काढू लागला. उपसत उपसत तळ आला. तळाला वेताची विण होती आणि तिच्यात अडकलेला एक जवळा.

"काही नाही," तो म्हणाला. "जावा आता."

हंसाबाई बांधावर बसली. "भरा."

"काय?"

"होती तशी. देठ एका अंगाला."

"अहो, पाल्याचं काय एवढं? पालाच तर आहे."

"पाला हाय म्हनून तं. कैऱ्या असत्या तं तुमच्याच होत्या, कशाबी भरल्या असत्या. पाला तिचा हाय."

भगवंताने मदतीसाठी मचाणाकडे पाहिलं. नवसी तोवर वर चढून बसली होती. "मला वर बगायचं काम दिलंय," ती म्हणाली. "खालचं मला दिसत नाय."

ऊन डोक्यावर आलं होतं. भगवंताने टोपी काढून ठेवली. निम्मी पाटी झाल्यावर हंसाबाईने वाकून पाहिलं, एक थर उलटा लागलाय म्हणाली, आणि त्याने तो काढून परत लावला. शेवटची चळत लावून झाली तेव्हा त्याच्या बोटांना पानांचा चीक लागला होता आणि तो वास पुष्कळ धुतल्याशिवाय जाणार नव्हता.

हंसाबाईने फडकं खोचलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि खाली वाकली.

"हात लावा."

"एवढी काय जड आहे?"

"भरलेली पाटी एकटीनं उचलत नाय."

त्याने दोन्ही हातांनी पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली. हंसाबाईने मान ताठ केली, गुडघे थोडे वाकवले आणि पाऊल जपून टाकत ती फाट्याच्या वाटेला लागली, वीस शेर कैऱ्या असल्यासारखी. मागे मचाणावरून नवसीने काही तरी म्हटलं. वाऱ्याने ते नीट ऐकू आलं नाही. डोक्यावर ओझं असलं की मागे वळून बघता येत नाही. हंसाबाईने बघितलं नाही.