हिरवा ठिपका

“चमक न्हाई ह्याला. धुरळ्यातनं चालत आल्यासारखा दिसायलाय.”

अप्पा हे माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या खांद्यामागं उभं राहून ट्रेमधल्या बनाशी बोलत होते. गुरप्पा, माझे सासरे, वय चौऱ्याहत्तर. बेकरीत मला जे सांगायचं असतं ते ते बनाला, खारीला नाहीतर भट्टीला सांगतात. चोवीस वर्षांत मला त्याची सवय झालीय. मीही ट्रेकडंच बघत म्हटलं, की हा वरून फिरवलेला दुधाचा हात होता, उद्या दुसरं काहीतरी लावून बघते.

त्यांचं म्हणणं खरं होतं. बन फुगला चांगला होता, रंगही आला होता, पण वरून मठ्ठ. झोपेतनं उठवल्यासारखा.

आळंदच्या बाजारात आमची बेकरी आहे, अप्पांनी बेचाळीस वर्षांपूर्वी घातलेली. मागच्या बाजूला भट्टी, तिच्या मागं घर. खारी, टोस्ट काय, कुठंही मिळतात. आमचं नाव आहे ते बनावर. खजुरीला माझ्या माहेरी आळंदहून पाहुणा आला की त्याच्या पिशवीत हा बन असायचाच. म्हणजे नवऱ्याच्या आधी मी बन पाहिला होता. वरून तांबूस आणि असा चकचकीत, की आम्ही बहिणी त्यात आपापलं नाक शोधायचो. अप्पा पोरवयात गुलबर्ग्याला एका उस्तादांच्या हाताखाली शिकले. उस्ताद म्हणायचे, “बन में मूँ दिखना होना.” बनात तोंड दिसलं पाहिजे, हे एक वाक्य अप्पांनी जन्मभर पाळलं. ट्रे भट्टीत जायच्या आधी मागच्या छोट्या खोलीत न्यायचा, दार लावायचं आणि प्रत्येक बनावर स्वतः ब्रश फिरवायचा. काय लावता, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, “हात.”

लावायचे ते अंडं.

मी इथं एका ओळीत लिहून टाकलं, पण आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलेलं नाही. आम्ही लिंगायत. घरात मराठी, कन्नड आणि गिऱ्हाइकापुरती दखनी अशा तीन भाषा चालतात, आणि तिन्हींत हा शब्द गैरहजर आहे. मला लग्नानंतर चौथ्या महिन्यात कळलं. परसात चिंचेखाली राख टाकायला गेले, तर तिथं वर्तमानपत्राची पुरचुंडी, आत टरफलं. मी ती होती तशी गुंडाळली, वर आणखी राख ओढली आणि हात धुऊन चहा टाकला. त्या दिवशी मी खरी या घरची झाले.

न बोलायची रीत मात्र प्रत्येकाची वेगळी. आमचे हे, चन्नवीर, त्या छोट्या खोलीला ‘अप्पांची खोली’ म्हणतात आणि तिच्यासमोरून जाताना फोन कानाला लावतात. अप्पा ब्रश खाली ठेवला की दुसऱ्यांदा आंघोळ करतात आणि मगच पूजेला बसतात. मैदा फार उडतो, म्हणतात. मैदा उडतो तो पीठ मळताना. तेव्हा ते नुसते हात झटकतात. आणि सासूबाई, बसव्वा, आम्ही त्यांना अव्वा म्हणतो, त्या बन खात नाहीत. मैद्यानं जळजळतं, म्हणतात. खारी खातात, टोस्ट खातात, शंकरपाळ्यांच्या तर डब्याशेजारीच बसतात. जळजळ फक्त बनाची.

अप्पांनी हे लबाडीनं केलं असं मला कधी वाटलं नाही. शिकवलेलं काम शिकवलं तसं करायचं आणि घरचं जे आहे तेही पाळायचं, या दोन्हींच्या मधे त्यांनी एक दार बसवलं आणि आतनं कडी घातली. लग्नांत, बारशांत, बसवजयंतीला आमचे बन गेले. कपाळभर भस्म लावलेल्या माणसांनी चहात बुडवून खाल्ले. त्यातल्या कुणालाच कळलं नसेल? नाक सगळ्यांनाच असतं. मला वाटतं, बरेच जण जाणून होते आणि विचारत नव्हते, कारण विचारलं की खाणं बंद करावं लागलं असतं.

हे असंच चाललं असतं. पण कडगंचीला विद्यापीठाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक नवी खानावळ निघाली. तिथल्या मालकानं रोजचे बन मागितले, आणि ते छापील पाकिटात पाहिजेत म्हणाला. चन्नवीर गुलबर्ग्याला जाऊन पाकिटं छापून घेऊन आले. कोपऱ्यात हिरवा ठिपका, म्हणजे शाकाहारी. छापणारा म्हणे म्हणाला, ठिपका हिरवा का तांबडा हे विचारणारच होतो, पण अण्णा, तुमचं कपाळ बघितलं आणि विचारलं नाही. हे सांगून चन्नवीर हसले. एकटेच.

अप्पांनी एक पाकीट उचललं. अंगठ्यानं ठिपका घासून बघितला, शाई ओली असल्यासारखा. मग पाकिटाची घडी करून खिशात ठेवली आणि दुसऱ्या आंघोळीला गेले.

दुकानात सुटा बन विकताना आपण काही म्हणत नसतो. कुणी विचारलं तर बघू, असं मनाशी म्हणता येतं. ठिपका मात्र न विचारता बोलतो. मी चन्नवीरना आडून म्हणून बघितलं. कोण तपासायला बसलंय, म्हणाले. मग मी वळसा घेतला. म्हटलं, अप्पांचा खांदा दुखतो, रोज ब्रश फिरवणं त्यांना झेपत नाही, बनाला लावायचं दुसरं काहीतरी मी शोधते. खांदा खरंच दुखत होता, त्यामुळं हे पुरतं खोटंही नव्हतं. सगळ्यांनी लगेच मान हलवली. नऊ दिवसांनी, सोमवारी, पहिली पाकिटं जायची होती. तोवर मला चमक सापडली नाही तर हिरव्या ठिपक्याआड अप्पांचाच बन जाणार होता.

मी हे कुठं जाऊन शिकलेली नाही. बघून, करपवून आणि फोनवरचे व्हिडिओ लावून जे आलं ते आलं. त्या व्हिडिओतल्या बायकांच्या ओट्यावर आळंदचं ऊन नसतं. दूध फसलं, ते तुम्ही वर ऐकलंच. दुधात साखर घातली, तर बन ठिकठिकाणी करपून गोवर उठल्यासारखा निघाला. भट्टीतून काढल्यावर साखरेचा पाक फिरवला, तो काचेसारखा चमकला खरा, पण पाकिटात घातला की वरचं कातडं पाकिटालाच चिकटून राहिलं. अप्पांनी त्या बनाला विचारलं, “तुला कामून रडवलं रं हिनं?” लोणी सकाळी झकास दिसलं आणि दुपारी तेल थापलेल्या डोक्यासारखं. मक्याच्या पिठाची खळ वाळली आणि तडकली, मे महिन्यातल्या तळ्याच्या गाळासारखी. अप्पा रोज आपलाही एक ट्रे रंगवून आणत आणि माझ्या ट्रेशेजारी ठेवत. त्यात तोंड दिसायचं. माझं पडलेलं तर फारच स्वच्छ दिसायचं.

शुक्रवारी दुपारी अव्वा अंगणात चटणीसाठी जवस पाखडत होत्या. मी शेजारी बसले. माझ्याकडं न बघता त्या सांगायला लागल्या, की त्यांची आई जवस पाण्यात शिजवून फडक्यातनं गाळायची आणि केसांना लावायची. उन्हात गेली की डोकं नुसतं झळकायचं. मग सूप दोनदा आपटलं आणि म्हणाल्या, गरम आहे तोवरच गाळायचं, थंड झालं की फडकं सोडत नाही. मी म्हटलं, अव्वा, हे आजच कसं आठवलं. “आठवायला काय लागतंय? सूप हातात हाय,” म्हणाल्या.

भट्टीच्या खोलीत बेचाळीस वर्षांत पाय न ठेवलेली ही बाई आठवडाभर घरात बसून माझ्यासोबत बन रंगवत होती, हे मला तेव्हा समजलं.

जवस शिजवलं, गरम गरम गाळलं. फडक्यातून दाट, नितळ, तार सुटणारं काहीतरी उतरलं. ते कशासारखं दिसत होतं हे मी मनातसुद्धा म्हटलं नाही. त्यात थोडं दूध, रंगापुरता गूळ. पहिल्या ट्रेला असा वास आला की बन का चटणी कळेना. मग पाणी वाढवलं, शिजवणं कमी केलं. शनिवारी दोन ट्रे वाया गेले. रविवारी एक निम्मा वाया गेला. म्हणजे निम्मा नाही गेला.

सोमवारी उजाडताना दोन ट्रे भट्टीतून निघाले, एक अप्पांचा, एक माझा. खानावळीचा ऑटो आठला येणार होता. अप्पांनी दोन्हींतला एकेक बन दोन हातांत घेतला आणि दारातल्या उजेडात जाऊन बराच वेळ उभे राहिले. उजव्या हातात त्यांचा, डाव्यात माझा.

“ह्यात तोंड दिसत न्हाई,” ते माझ्या बनाला म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “उजेड दिसायलाय नुसता.”

अप्पांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच. पण चन्नवीरना उशीर होत होता. ते म्हणाले, पहिला दिवस आहे, गिऱ्हाईक चमक बघूनच धरतं, आज अप्पांचेच भरू, हिचं पुढं बघू. त्यांनी एक पाकीट फुंकर मारून उघडलं. हिरवा ठिपका माझ्याकडं वळला. बोलायचं ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण चोवीस वर्षांचं वळण. मी ब्रश धूत राहिले. अप्पांचे दोन्ही हात तसेच उजेडात होते.

घराकडच्या दारातून अव्वा आत आल्या. हात नुकतेच धुतलेले, ओले. उंबऱ्यावर क्षणभर थांबल्या, मग पाय आत ठेवला आणि सरळ अप्पांपाशी गेल्या. दोन्ही बनांकडं बघितलं. त्यांच्या डाव्या हातातला बन घेतला, मोडला आणि उभ्या उभ्याच खायला लागल्या.

घाई केली नाही. अर्धा संपला, मग उरलेला. तळव्यावर पडलेला चुरा गोळा करून तोही तोंडात टाकला. चन्नवीर उघडं पाकीट धरून उभे होते.

“जळजळ हुईल की तुला,” अप्पा हळू आवाजात म्हणाले. या वेळी ते बनाशी बोलत नव्हते.

अव्वांनी पदरानं ओठ पुसले.

“मला कधीच जळजळ झाली न्हाई,” त्या म्हणाल्या. “तुमच्या बनाला अंडं असतंय. म्हणून मी खात नव्हते.”