सेकंदाचा आवाज

जयसिंगाने खटका दाबला. भिंगामागची पाती उघडली आणि उघडीच राहिली. आतली बारीक किरकिर सुरू झाली, अडखळली, बंद पडली. त्याने कॅमेरा कानाशी धरून हलवला, तेव्हा कुठे पाती मिटली.

काल दुपारी हाच कॅमेरा नीट चालला होता. आज सकाळी पुन्हा तेच.

झटपट वेगांची काही तक्रार नव्हती. उन्हातले फोटो त्यांवर निघत. अडत होता तो सर्वांत हळू वेग, एका सेकंदाचा, आणि शेजारच्या चांदे गावातल्या कामाला तोच हवा होता. तिथे हैबतराव माजघरात खाटेवर पडून होते. एक लहान खिडकी, तेवढाच उजेड. दमा असा की खाट अंगणात न्यायची सोय नव्हती, आणि उजेडाची पूड पेटवली तर धुराने जीव घाबरा व्हायचा. परवा सकाळी जयसिंग तिथे जाऊन आला होता. पाती उघडी राहिली आणि फोटोत चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग आला.

"मानूस गेल्यावर खुर्चीत बांधून काडत्यात, तसला नको मला," हैबतरावांच्या बायकोने, रत्नाबाईने, त्याला दारापर्यंत पोचवताना सांगितले होते. "डोळं उघडं असतानाचा पायजे. पुन्ना या, पर लवकर या."

त्याने ओट्यावर कागद पसरला आणि बारीक पेचकसाने भिंगाभोवतीची कडी सोडवली. पेचकस थोरल्या भावाचा, कुशाबाचा. कॅमेराही त्याचाच. कुशाबा वारल्यावर दोन वर्षे तो स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात पडून होता. जयसिंग पुण्याची नोकरी सोडून पिरंगुटला परतला, तेव्हा दसऱ्याला त्याने तो बाहेर काढला आणि फोटोचे दुकान थाटले. कुशाबाने त्याला एकच नियम बजावून शिकवला होता: काम झालं की खटका दाबून स्प्रिंग मोकळी ठेवायची. भरून ठेवली की ढिली पडते.

आत तांदळाच्या दाण्याएवढी दातेरी चाके होती. त्यांच्या दातांत पांढरट काहीतरी बसले होते. काडीने काढून बोटावर घेतले तर ते विरघळले. त्याने वास घेतला.

सारजाबाई, कुशाबाची बायको, चहाची कपबशी घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात तेलाची बाटली होती. कोनाड्यातली ती बाटली रात्रीच्या थंडीने गोठली होती आणि तिला ती उन्हात ठेवायची होती. जयसिंगाने बाटलीकडे पाहिले, मग बोटाकडे. सकाळी गोठतं, दुपारी पातळ होतं.

"वैनी, ह्यात खोबरेल कुनी घातलं?"

"मी."

"कशापायी?"

"आवाज बसत चालला व्हता त्याचा. शिवनाच्या मशिनीला घालत्यात न्हवं तेल? मग ह्यानं काय घोडं मारलंय?"

जयसिंगाला हसू आले. "पर तुमी चालवत कशाला हुता? फोटू काडायचा व्हता कुनाचा?"

"मी कुनाचा काडू?" सारजाबाईने बाटली उन्हात ठेवली, मग उगीच जरा सरकवली. "सांजच्याला माझ्या भाकरी चालायच्या, आन हे हितं बसून त्याची किरकिर लावायचं. रोज. तुमी तवा पुन्यात हुता, तुमाला काय म्हाईत."

जयसिंगाने बोटावरचे तेल कागदाला पुसले.

"लई बिगाडलं का?"

"न्हाई. धुतलं की निगंल."

"मग आता हात न्हाई लावायची मी. तुमच्या पोटाचा धंदा हाय, भावजी," असे म्हणून ती आत गेली.

त्याने रस्त्यावर थांबलेल्या ट्रकवाल्याकडून वाटीभर पेट्रोल आणले. चाके धुतली, सुकू दिली, पुन्हा बसवली. दिवेलागणीला कॅमेरा जुळला. सेकंदावर लावून त्याने खटका दाबला. किर्र, एका सुरात, आणि शेवटी टक्.

आत भाकरी थापायचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी गारठ्यातच तो सायकलवरून चांद्याला गेला. रत्नाबाईने खिडकीतला उजेड तोंडावर पडावा म्हणून खाटेच्या पलीकडे धुतलेले धोतर ताणून धरले.

"मागल्या बारीला माजं तोंडच खाल्लंस," हैबतराव उशीला टेकून धापा टाकत म्हणाले. "ह्या बारीला काय खातूस?"

"काय न्हाई, आबा. मी म्हनल्यावर जरा दम धरा. आन हिकडं बगा."

हैबतरावांनी श्वास रोखला. किर्र, टक्.

"झालं?"

"झालं."

"एवढुशाच कामाला दोन हेलपाटं?" म्हणत ते खोकू लागले. रत्नाबाईने धोतर खाली टाकले आणि त्यांची पाठ चोळू लागली.

दुपारी जयसिंगाने फिल्म धुतली आणि ओलीच दाराशी उजेडात धरली. हैबतराव सरळ पाहत होते. पापणीसुद्धा हललेली नव्हती.

संध्याकाळी त्याने कॅमेरा पुसला. दुकानाच्या फळीवर तो नेहमी जिथे ठेवी, तिथे ठेवला नाही. घरी आणला. सारजाबाई परड्यात चुलीसाठी शेणी आणायला गेली होती. कोनाड्यातली तेलाची बाटली त्याने उचलून पलीकडच्या फळीवर ठेवली आणि तिच्या जागी कॅमेरा ठेवला. कडी फिरवून सेकंदावर आणली. बोट स्प्रिंग भरायच्या दांडीवर तसेच राहिले थोडे. मग त्याने स्प्रिंग भरली आणि पाय धुवायला बाहेर गेला.

सकाळी दुकानाला निघताना त्याने कॅमेरा उचलला. स्प्रिंग मोकळी होती.

त्या संध्याकाळीही त्याने ती भरून ठेवली.