ज्या गावात आपलं कोणी नाही

“गुरुवारी कोणी गेलं तर आपला शनिवार गेला. शुक्रवारी गेलं तर रविवार.” भगवंताने भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या दोन चौकोनांवर पेन्सिलीचं टोक टेकवलं. “बाकीच्या वारांचं काय न्हाई.”

धोंडाबाई परातीत बाजरी निवडत होती. तिने मान वर केली नाही. “मग बुधवारी जा म्हणावं, ज्याला जायचंय त्याला.”

“थट्टा न्हाई ही.”

“मी कुठं थट्टा करतीय? माणसांची मरणं चौकटीत तुमी बसवताय.”

तो हसला नाही, कारण हिशेब खरा होता. मरणाचा दिवस पहिला धरायचा. तिथून दहाव्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी दशक्रिया. चौदा आणि पंधरा डिसेंबरला सातारा पाहायचा, तर त्याआधीच्या आठवड्यातला गुरुवार आणि शुक्रवार गावात कोणीही न मरता जायला हवा होता.

पठारावरच्या आणे गावातल्या हायस्कुलात भगवंत एकोणतीस वर्षं लेखनिक होता आणि सारा गाव त्याला भाऊसाहेब म्हणत असे. पण त्याची खरी नोकरी ओढ्याकाठची होती. बावीस वर्षं गावातल्या प्रत्येक दहाव्याला माईक त्याच्या हातात असे. कुठल्या गावाहून कोण आलं आहे, कोणी कोणानंतर श्रद्धांजलीला उभं राहायचं, कोणाचं नाव राहून गेलं तर वर्षभर अबोला धरला जाईल, हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्याचा आवाज मोठा नव्हता, पण त्या आवाजात नाव उच्चारलं गेलं की माणूस येऊन गेल्याची नोंद व्हायची. तो नसता तरी पिंड ठेवले गेले असते, कावळाही शिवला असता. पण उंबऱ्याशिवायच्या दारासारखं काहीतरी त्या सकाळीला उणं राहिलं असतं. हे त्याला कोणी बोलून दाखवलं नव्हतं; म्हणूनच ते मोडणं कठीण होतं.

आणि दशक्रिया बहुधा शनिवारी-रविवारी असावी अशीच माणसं मरत. निदान धोंडाबाईला तसं वाटे.

सातारा तिने निवडला होता. दिवाळीनंतर एका संध्याकाळी, गुडघ्याला तेल चोळता चोळता ती म्हणाली होती, “मला एकदा कुठंतरी जायचंय. नुसतं बघायला.”

“जाऊ की. नाशिकला तुझा भाऊ हाय, संगमनेरला—”

“तिथं न्हाई. भावाकडं गेलं की चुलीपुढं बसायचं. बहिणीकडं गेलं की तिचं गाऱ्हाणं ऐकायचं. जिथं आपलं कोणी न्हाई अशा गावाला न्या.”

“मग देवाला जाऊ.”

“देवाला गेलं की नवस आला, नारळ आला. देव बी आपलाच की वो.”

भगवंत मनाशी मोजू लागला होता. पंचवीस वर्षांत ही बाई किती वेळा आण्याचा घाट उतरली असेल? कोणाचं बाळंतपण, कोणाचं लग्न आणि बहुतेक वेळा मरण. घाटाच्या वळणावर गाडी कलली की खाली पसरलेला मुलूख क्षणभर दिसतो: शेतांचे तुकडे, एखादं तळं, धुरात बुडालेली वस्ती. पण त्याच वळणावर गाडीतल्या कोणीतरी हंबरडा फोडलेला असे, आणि धोंडाबाई तिची पाठ थोपटत असे. पठारावर राहणाऱ्यांना आपण उंचावर आहोत हे माहीत नसतं. उंची कळायला खाली पाहण्याइतकी सवड लागते.

शेवटी तिनेच साताऱ्याचं नाव काढलं; तिथे त्यांचं कोणी नव्हतं. शाळेतल्या एका शिक्षिकेचं डी.एड. साताऱ्यात झालं होतं. तिला विचारून विचारून भगवंताने फुलस्केप कागदावर बेत उतरवला. सहाला आणे, तिथून आळेफाटा, मग शिवाजीनगर, रिक्षाने स्वारगेट, दुपारी दोनपर्यंत सातारा. स्टँडसमोर लॉज. संध्याकाळी राजवाडा, मग ‘चार भिंती’ हे स्मारक. रविवारी सकाळी अजिंक्यतारा, ऊन चढायच्या आत. कंदी पेढे परतताना. कागदाला त्याने शाळेतल्यासारखा समास आखला होता.

“गडावर काय हाय?” धोंडाबाईने विचारलं.

“तट हाय, दरवाजा हाय, तळी हायेत. वरून समदं शहर दिसतं म्हणं.”

“मग बास. वरनं दिसलं पायजे.” आणि थोड्या वेळाने, जणू बाजरीलाच सांगत असल्यासारखं, “औंदा गुडघं हायेत. पुढल्या वर्षाचं मी न्हाई सांगत.”

*

गावात त्या आठवड्यात एकच माणूस जाण्याच्या वाटेवर होता: पलीकडच्या आळीतले गेणभाऊ. भावकीतले नव्हते, पण भगवंताच्या आधी दहाव्याचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हा माईक नव्हता. गेणभाऊ दगडावर उभे राहून नुसत्या छातीच्या जोरावर गावांची नावं पुकारत. आता त्याच छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येई.

बुधवारी शाळा सुटल्यावर भगवंत त्यांच्याकडे गेला. ओसरीवर उन्हात बाज टाकलेली होती. तो शेजारी बसला, चहा घेतला, आणि बोलता बोलता गेणभाऊंच्या छातीचं वरखाली होणं मोजू लागला. आपण काय करतो आहोत हे लक्षात आलं तेव्हा त्याने नजर बशीकडे वळवली.

“कवा जाताय साताऱ्याला?” गेणभाऊंनी विचारलं.

“तुमाला कोणी सांगितलं?”

“साळुबाई भाकरी घिऊन येती ना. तिच्या पोटात काय ऱ्हातंय?” साळुबाई शाळेत पाणी भरायची, नवरा गेल्यापासून एकटी होती आणि गावभरच्या बातम्या तिच्या सोबतीला असत.

“पुढल्या शनवारी-रविवारी. बघू.”

गेणभाऊंनी डोळे मिटले. बोटांची पेरं अंगठ्याने हळूहळू मोजली. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“म्हंजी मला गुरुवार-शुक्रवार सांभाळाया पायजे.”

“काय बोलताय भाऊ!”

“आरं, मी चाळीस वर्सं हाच हिशेब केलाय. माझ्या म्हातारीला जेजुरी दाखवायची व्हती, ऱ्हायली. दर खेपंला कुणीतरी मरायचंच.” धाप लागली, ते थांबले. “शनवारी गेलो तर सोमवारी दहावा. तुमी रविवारी माघारी याल. जमतंय. पोरीला फिरवून आण.”

पन्नाशीच्या धोंडाबाईला पोरगी म्हणणारं गावात एवढं एकच माणूस उरलं होतं. भगवंत उठला. त्याला त्यांच्या पायांना हात लावावासा वाटला, पण ते निरोपासारखं दिसेल म्हणून तो नुसताच उभा राहिला.

गुरुवार गेला. शुक्रवारही गेला. शुक्रवारी दिवेलागणीला साळुबाई भाकरी देऊन परतली आणि दारातूनच ओरडली, “वैनी, भाऊंनी आज अर्धी भाकर खाल्ली दुधात! बांधा बॅगा!” धोंडाबाईने माळ्यावरची बॅग काढून पुसली. त्या रात्री ती दोघं लवकर निजली; एखादं भरलेलं भांडं न हिंदकळता आणावं, तसा त्यांनी तो दिवस पलंगापर्यंत आणला होता.

शनिवारी सकाळी ऊन अंगणात उतरत होतं तेव्हा गेणभाऊंचा मुलगा सुदर्शन दारात उभा राहिला. चाकणच्या कंपनीतून आठवडाभर रजा काढून तो आला होता.

“भाऊसाहेब, गेले.”

भगवंताने खांद्यावर हात ठेवला. “कधी?”

“साडेपाच वाजले व्हते. पाणी मागितलं. मी आणस्तोर...” त्याने तोंड पुसलं. “पावण्यांना फोन लावायचेत. दहावा कंच्या दिवशी धरायचा तेवढं सांगा.”

साडेपाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शनिवारची तारीख पडणार होती. शाळेच्या दप्तरातही दिवस मध्यरात्री बदलतो. पण ओढ्याकाठचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो. तोवरचं मरण आदल्या दिवसाच्या पदरात. हे सुदर्शनला माहीत नव्हतं. गावातल्या चार म्हाताऱ्यांना माहीत असेल, पण भाऊसाहेबांनी सांगितलेला वार पुन्हा मोजायची सवय कोणाला उरली नव्हती. सोमवार म्हटलं असतं तर सोमवार झाला असता.

सुदर्शन वाट पाहत उभा होता. आत भांड्याचा आवाज थांबला होता. धोंडाबाई ऐकत होती. भगवंताला गेणभाऊंची पेरं मोजणारी बोटं दिसली. म्हाताऱ्याने शब्द जवळजवळ पाळला होता. दीड तास कमी पडला. आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचा दिवस अचूक धरला, त्याचाच दिवस आपण आपल्या सोयीने सरकवायचा? बाकी कोणाला कळलं नसतं, हेच तर त्यातलं सगळ्यात जड होतं.

“सूर्य उगवायच्या आत गेले,” तो म्हणाला. “म्हणजे शुक्रवार. दहावा रविवारी. पंधरा तारखेला. तसंच सांग सगळ्यांना.”

सुदर्शन गेला. भगवंत आत आला. धोंडाबाई ओट्याला टेकून उभी होती.

“रविवार का?”

“हां.”

पदर खोचून तिने पीठ काढलं. दुखवट्याच्या घरी पहिल्या दिवशीच्या भाकरी शेजारच्यांनीच न्यायच्या असतात. पहिली भाकरी तव्यावर पडेपर्यंत तिच्याकडून एकच शब्द आला, तोही गेणभाऊंसाठी: “सुटले.”

*

पुढचा आठवडा तिने त्या घरी भाकरी पोचवल्या, बायकांबरोबर बसली, रडायचं तेवढं रडली. गुरुवारी संध्याकाळी भगवंत फुलस्केप कागदाची घडी घालून कपाटात ठेवू लागला.

“कुठं ठेवताय त्यो?”

“बघू आता उन्हाळ्यात.”

“आणा इकडं.” तिने हात पुढे केला. “मी जाते.”

त्याला आधी समजलंच नाही. “एकटी?”

“साळुबाईला इचारलंय. तिला बी कुठं कोण हाय? ती हसली, मग रडली, मग म्हणली, येते.”

“आगं, पण रविवारी दहावा हाय. गाव काय म्हणंल?”

“म्हणू द्या. भाऊंसाठी माझं जे व्हतं ते आठ दिस केलं. तुमचं काम त्या दिवशीचं हाय, तुमी थांबलंच पायजे.” ती थांबली. आवाजात राग नव्हता. तो असता तर त्याला बरं वाटलं असतं. “तुमी भाऊंचा दिवस हलवला न्हाई. आता माझा बी नका हलवू.”

बाहेर गुरं परतत होती. भगवंताने कागद उलगडला, पाटावर ठेवला आणि पेन काढलं. ‘रिक्षाने स्वारगेट’च्या पुढे त्याने लिहिलं: आधी भाडं ठरवून घेणे. मग मोठ्या अक्षरात, साळुबाईलाही वाचता येईल असं: गडावर पाणी घेऊन जाणे. आपण ज्या वाटेने जाणार नाही तिच्या खाचखळग्यांचा विचार करताना त्याचा हात पहिल्यांदाच इतका सावकाश चालला.

शनिवारी सहाच्या गाडीला तो दोघींना बसवून आला. खिडकीतून धोंडाबाईने हात हलवला नाही. तिला त्याची सवय नव्हती. ती फक्त, एखादी नवी मुलगी वर्गात बसते तशी, ताठ बसली होती.

रविवारी ओढ्याकाठी चार-पाचशे माणसं जमली. सुदर्शनचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं, उन्हात ते कोवळं दिसत होतं. पिंडाला कावळा लगेच शिवला. भगवंताने माईक घेतला आणि गावं वाचू लागला: बेल्हे, राजुरी, पेमदरा, नळवणे. मधे एका श्रद्धांजलीच्या वेळी त्याने घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच. ऊन चढायच्या आत.

बोलणारा गृहस्थ भाषण आटोपून बसला. माईक परत भगवंताच्या हातात आला, तेवढ्यात बेल्ह्याचा बहिरू, गेणभाऊंचा मेहुणा, काठी टेकत पुढे आला. त्याला थोडं कमी ऐकू येई, त्यामुळे तो मोठ्याने बोले.

“भाऊसाहेब, आमच्या वैनी कुठं दिसंनात?”

“साताऱ्याला गेलीय.”

“अरारा! कोण गेलं?”

“कोणी गेलं न्हाई.”

“मग लगीन हाय का?”

“लगीन बी न्हाई.”

“आपलं कोण हाय तिथं?”

“कोणी न्हाई.” भगवंताने क्षणभर शब्द शोधला, पण दुसरा सापडला नाही. “बघायला गेलीय.”

“काय बघायला?”

“सातारा.”

हा शब्द त्याला स्वतःच्याच आवाजात ओढ्यापलीकडून परत ऐकू आला, तेव्हा कळलं की माईक चालूच आहे. कुजबुज थांबली. चार-पाचशे माणसं त्याच्याकडे पाहत होती. बायकांच्या रांगेत दोन-तीन पदर चेहऱ्यावरून मागे सरकले आणि तिथेच राहिले.

बहिरू तोंड उघडून उभा होता. भगवंताने माईक बंद केला नाही. त्याने यादीवर बोट ठेवलं, घसा खाकरला आणि पुढच्या गावाचं नाव वाचलं.