आठ दिवसांची भिंत

पूर ओसरून चौथा दिवस उजाडला तरी काटेबाईंनी भिंतीवरच्या एकाही घड्याळाला हात लावला नव्हता. सुनेचा धीर आता सुटत चालला होता.

“आई, अहो आतून गंज धरायला लागलाय. आज उघडून, पुसून तेल घातलं तर निम्मी तरी वाचतील.”

“माहीत आहे मला. तुझ्या जन्माआधीपासून हेच करतेय.”

“मग?”

“मग काय? राहू दे तशीच.”

काटेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घड्याळाला काटे बसवते म्हणून लोक तसं म्हणतात, असं त्या सांगत. गल्लीतल्या ज्यांनी त्यांच्याशी एकदा तरी वाद घातला होता, त्यांना नावाचं कारण वेगळं वाटे. पण एका बाबतीत कुणाचंच दुमत नव्हतं. वेळ विचारायची ती काटेबाईंना.

त्यांच्या दुकानाची एक रीत होती, सासऱ्यांपासून चालत आलेली. दुरुस्त झालेलं घड्याळ लगेच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. आठ दिवस ते समोरच्या भिंतीवर टांगायचं. रोज सकाळी सगळी घड्याळं एकमेकांशी ताडून बघायची आणि कुठलं किती सेकंद मागे-पुढे गेलं ते त्याच्याच खाली लटकवलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं. चिठ्ठी आठवडाभर साफ राहिली तरच घड्याळ घरी जाई. गिऱ्हाईक कितीही घायकुतीला येवो, काटेबाई हटत नसत. पूर आला त्या दुपारी भिंतीवर लंबकाची अकरा घड्याळं होती. कुणाचं गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुणाचं छातीशी, तर कुणाचं पार डोक्यावर. जिथे खिळा रिकामा, तिथे घड्याळ.

गल्लीचीही एक रीत होती आणि ती दुकानाहून कितीतरी जुनी होती. नदीवर उतरणाऱ्या दगडी पायऱ्या कुणी बांधल्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यांचं शास्त्र पोराटोरांना पाठ होतं. वरून सातवी पायरी भिजली की घाबरायचं नाही. आधी जेवून घ्यायचं, घटकाभर पाठ टेकायची, मग सामान माडीवर चढवायचं. उंबऱ्याला पाणी लागायला तिथून सहा तास लागत. पिढ्यान्‌पिढ्या नदीने हा शब्द पाळला होता.

तो शब्द नदीने मोडला असं म्हणणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधे, पूर्वी तीन तळी होती, फळबागा होत्या आणि मोकाट वाहणारा एक ओढा होता. पाऊस पडला की आधी ती माती पोटभर पाणी प्यायची आणि उरलंसुरलं सावकाश खाली धाडायची. गेल्या सहा वर्षांत तिथे नवी वसाहत झाली. तळी बुजवली, ओढा नळात कोंबला, उतारावर काँक्रीट ओतलं. पाणी प्यायला कुणी उरलंच नाही. आता दुसरा टप्पा मंजुरीला आला होता आणि त्यात उरलीसुरली पाणथळ जागाही भरून टाकायची होती.

त्या दिवशी दोन वाजता शिंपीकाका दुकानाच्या दारात आले. काका एकटे राहत, गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. गुडघे गेलेले.

“काय गं, सातवी भिजली म्हणतात. हलवू का मशीन?”

काटेबाईंनी डोळ्यावरचं भिंग न काढताच उत्तर दिलं होतं. “जेवलात का? नाही ना? मग जेवा, झोपा जरा. भरपूर वेळ आहे. संध्याकाळी सून येईल मशीन उचलायला.”

तीनच्या आधीच उंबरा बुडाला. काटेबाई तेव्हा माडीवर होत्या. खालच्या अंधाऱ्या दुकानात एकेक टिकटिक बंद पडताना त्यांनी ऐकली. गल्लीत छातीएवढं पाणी झालं होतं आणि जिन्याच्या दारातून सून काकांकडे जायला दोनदा बाहेर पडून दोनदा माघारी आली होती. शिंपीकाका दुसऱ्या दिवशी सापडले, अंथरुणाशेजारी.

आणि आता चौथ्या दिवशी चौकशीचा अहवाल आला होता. एवढ्या तातडीने सरकारी कागद हललेला गल्लीने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यात लिहिलं होतं: पाणी सात तासांत हळूहळू चढलं, वसाहतीचा त्याच्याशी संबंध नाही, पुरेसा अवधी असूनही मृताने व रहिवाशांनी निष्काळजीपणा केला. दुसऱ्या टप्प्यावरची सुनावणी पुढच्या आठवड्यात.

“सात तास,” काटेबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीकडे बोट केलं. “सगळ्यात खालचं तीन वाजून दोन मिनिटांनी थांबलंय. सगळ्यात वरचं तीन पन्नासला. सूनबाई, अठ्ठेचाळीस मिनिटं. यांना तेल घातलं तर हे कुणी सांगायचं?”

सुनेने खालपासून वरपर्यंत एकेक घड्याळ वाचलं. मग म्हणाली, “पण ही आपली नाहीत, आई. लोकांची आहेत.”

हे खरं होतं. त्याच दुपारी काटेबाई दारोदार हिंडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या गिऱ्हाइकांना सांगत होत्या की तुमचं घड्याळ मी मरू देणार आहे, चालेल का? हेडमास्तर चिडले, त्यांना ते लग्नात मिळालेलं होतं. मग त्यांनी अहवाल वाचला आणि अहवालावरच जास्त चिडले. बेकरीवाला म्हणाला, “मेलं तरी चालेल, बाई. फक्त मरायच्या आधी साहेबासमोर बोलतं करा.” अकरापैकी एकानेही घड्याळ परत मागितलं नाही.

उंची मोजायला टेप हवी होती. सुनेने चिखलातून काढून धुतलेली शिंपीकाकांचीच टेप आणली. जमिनीपासून लंबकाच्या टोकापर्यंत, एकेक घड्याळ दोघींनी मोजलं आणि चिठ्ठीच्या मागे लिहिलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी घड्याळं चादरींत गुंडाळताना सून हळूच म्हणाली, “घड्याळांचं सांगा. शिंपीकाकांना तुम्ही काय सांगितलंत ते मात्र काढू नका. तेवढंच धरून बसतील ते.”

काटेबाईंनी गाठ आवळली आणि पुढचं घड्याळ ओढलं.

नगर सभागृहात सुनावणी घेणारे साहेब मधे बसले होते, शेजारी वसाहतीचा इंजिनिअर, कडक इस्त्रीचा. तो बोलत होता तोवर गल्लीतल्या माणसांनी बाजूच्या भिंतीवर खिळे ठोकून घेतले. शिपाई ओरडला, पण बेकरीवाल्याचा हातोडा त्याच्याहून मोठा आवाज करत होता. टेपने मोजून, त्याच उंचीवर, अकरा घड्याळं लागली. चिखल अजून तसाच होता.

“हे काय चाललंय?” साहेब म्हणाले.

“पूर आणलाय, साहेब. तुम्ही बघायला आला नव्हतात ना.” काटेबाई खालच्या घड्याळापाशी उभ्या राहिल्या. “गुडघा, तीन वाजून दोन. कंबर, तीन अकरा. छाती, तीन चोवीस. हे डोक्यावरचं, तीन पन्नास. तुमचे सात तास यात कुठे बसतात, दाखवा मला.”

इंजिनिअर हसला. “बाई, ही दुरुस्तीला आलेली घड्याळं. म्हणजे बिघडलेलीच की!”

सभागृहात दोघेचौघे हसले. गल्लीतलं मात्र कुणी हसलं नाही, कारण पुढे काय होणार ते गल्लीला ठाऊक होतं.

“बिघडलेली माझ्या टेबलावर असतात,” काटेबाई म्हणाल्या. “भिंतीवर जातात ती बरी झालेली. या चिठ्ठ्या वाचा. पूर आला त्या सकाळपर्यंत सगळ्यात वाईट घड्याळ अकरा सेकंद मागे होतं. आणि साहेब, तुमच्या मनगटावरचं आत्ता चार मिनिटं पुढे आहे, मघापासून बघतेय.”

“पाण्यात गेल्यावरही ती थोडी चालली असतील,” इंजिनिअर म्हणाला.

“लंबक पाण्यात डुलत नाही, साहेब. टोक बुडालं की खेळ खलास. घरी बादलीत करून बघा.”

साहेबांनी चिठ्ठ्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या. “मान्य केलं की पाणी लवकर चढलं. तरी नदीकाठच्या माणसांनी सावध राहायला नको? तो गृहस्थ झोपून का राहिला?”

सुनेने सासूची बाही धरली. काटेबाईंनी ती सोडवून घेतली.

“कारण मी त्यांना सांगितलं झोपा म्हणून.”

साहेबांनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या.

“ते मला विचारायला आले होते. मी मान वर न करता सांगितलं, भरपूर वेळ आहे. ही माझी चूक. लिहा, माझ्या नावावर लिहा. सही करते, अंगठाही देते. निष्काळजी ते नव्हते, त्यांनी वेळ विचारली होती. पण साहेब, त्याच पानावर पुढची ओळही लिहा. आमच्या नदीचे सहा तास होते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी होते, त्यांच्या आजोबांच्या वेळी होते. ते तिकडे तळ्यांत होते, मातीत होते, ओढ्याच्या वळणांत होते. ते कुणी बुजवले? आणि उरलेली मिनिटं बुजवायला हा माणूस आज तुमची सही मागतोय.”

इंजिनिअर कागद गोळा करू लागला. साहेबांनी मनगटाकडे पाहिलं.

“सुनावणीची वेळ संपली.”

“तुमचं चार मिनिटं पुढे आहे,” काटेबाई म्हणाल्या. “बसा.”

मागच्या बाकावर हेडमास्तर होते, बेकरीवाला होता, सून होती, अख्खी गल्ली होती. कुणीही उठलं नाही. शिपायाने दार उघडून धरलं, मग थोड्या वेळाने आपणच लावून घेतलं.

साहेब पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, “त्या गृहस्थाचं पूर्ण नाव सांगा.”

काटेबाईंनी सांगितलं. मग त्यांना टेबलाजवळ जाऊन उभं राहावं लागलं, कारण साहेब पुढची ओळ लिहितात की नाही ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.